पैशाची जकात निघते, वेळेची कधी निघणार?

गेल्या रमजानमध्ये मी आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्ध चाचांच्या घरी गेलो होतो. दारामागे दहा किलो पिठाची पिशवी उभी होती. पिशवीवर आमच्याच भागातील एका कमिटीचे नाव आणि तिच्या पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो छापलेले होते. पिशवी उघडलेलीच नव्हती. ती त्याच्या आदल्या रमजानची होती आणि आत अळ्या झाल्या होत्या. चाचा एकटे राहतात. आयुष्यभर शिलाईकाम केले, आता हात थरथरतात. ज्या हाताला चहाचा कप धरवत नाही, तो हात पीठ कसे मळणार? पण पिशवी देताना हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. पिशवी दिली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, माशाअल्लाहचा पाऊस पडला आणि आपली जबाबदारी संपली.

आता पुढची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते. मी त्या घरी मस्जिदीतर्फे गेलो नव्हतो. वसई परिसरातील एका कॅथलिक चर्चच्या सेवागटाबरोबर गेलो होतो. चाचांचे नाव चर्चच्या रजिस्टरमध्ये होते. मस्जिदीच्या रजिस्टरमध्ये नव्हते, कारण मस्जिदीत असे रजिस्टरच नाही. मस्जिद त्यांच्या घरापासून चालत तीन मिनिटांवर आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आलिम नाही, समाजसेवकही नाही. २०२२ मध्ये अब्बांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर घरी रुग्णाचा पलंग आणि वॉकर हवा होता. शेजारच्या मावशी कॅथलिक आहेत. त्या म्हणाल्या, "विकत कशाला घेतोस? आमच्या चर्चमध्ये मिळतो. काम झाले की परत आणून दे." मी गेलो. एका वहीत नाव, पत्ता, फोन नंबर लिहून घेतला. डिपॉझिट नाही, धर्म विचारला नाही, कोणाची शिफारस मागितली नाही. चार महिन्यांनी अब्बा काठी घेऊन चालू लागले, तेव्हा मी वॉकर परत करायला गेलो आणि सोबत एक पाकीट नेले. तिथल्या अंकलनी पाकीट पेटीत टाकायला सांगितले आणि विचारले, "पैसे ठीक आहेत, पण शनिवारी चार ते सहा मोकळे असता का?"

मी चक्रावलो. पैसे मागणारे खूप भेटले होते. माझे दोन तास मागणारा हा पहिलाच माणूस. संकोचाने हो म्हणालो. ते शनिवार अजून चालू आहेत.

हे काम असते तरी काय?

आपल्याकडे अनेकांचा समज आहे की चर्चची सेवा म्हणजे परदेशी पैसा, मोठी इस्पितळे आणि इंग्रजी शाळा. मी जे पाहिले ते फार साधे आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी नावाची संस्था आहे. कॅथलिक धर्मग्रामांमध्ये तिच्या छोट्या शाखा असतात. आमच्या इथल्या गटात निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले कारकून आहेत, भाजीची वाडी करणारे शेतकरी आहेत. ठरलेल्या दिवशी बैठक होते. इतिवृत्त लिहिले जाते. बैठकीत एक पिशवी फिरते. त्यात प्रत्येकजण हात घालून जे टाकायचे ते टाकतो, कोणी किती टाकले ते कोणालाच कळत नाही. मग रजिस्टर उघडते. कोणत्या घरी कोण गेले, काय दिसले, पुढच्या वेळी काय न्यायचे, ते ठरते.

घरी जाताना नेहमी दोघांनी जायचे, एकट्याने नाही. बसायचे, बोलायचे, घाई करायची नाही. गोळ्यांची पाकिटे बघायची, संपत आलेली औषधे टिपून घ्यायची. रेशनकार्डाचे काम अडले असेल तर कागद घेऊन तहसील कार्यालयात जायचे. बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असेल तर आजोबांना रिक्षाने न्यायचे. त्या घरात जे पाहिले ते बाहेर बोलायचे नाही. फोटो तर नाहीच. पहिल्या दिवशी मी सवयीने मोबाईल काढला, तेव्हा माझ्या जोडीदार मावशींनी हळूच माझा हात खाली केला. एवढेच. भाषण दिले नाही.

आमच्या क्षेत्रात 'ऑन-कॉल' ही पद्धत असते. सिस्टिम रात्री दोनला बंद पडली तर कोण उठणार, हे आधी ठरलेले असते. तो आजारी असेल तर त्याच्या जागी कोण, हेही ठरलेले असते. 'कोणीतरी बघेल' असे कोणी म्हणत नाही. त्या चर्चच्या जुन्या वहीत मला हीच शिस्त दिसली. आपल्या मोहल्ल्यात मात्र सगळे काम 'कोणीतरी बघेल' यावर चालते.

पॅरिसमधला प्रश्न

या संस्थेचा जन्म कसा झाला ते प्रत्येक मुस्लिम तरुणाने वाचावे, कारण ती आपलीच गोष्ट वाटते. साल १८३३, शहर पॅरिस. आदल्याच वर्षी कॉलऱ्याने शहरात हाहाकार उडवला होता. फ्रेडरिक ओझानाम हा कायद्याचा विद्यार्थी. पाद्री नव्हे, तुमच्या-माझ्यासारखा शिकणारा मुलगा. विद्यार्थ्यांच्या चर्चासभेत तो आपल्या धर्माची बाजू हिरिरीने मांडत असे. समोरचे विरोधक त्याला विचारत, एके काळी तुमच्या धर्माने मोठी कामे केली हे मान्य, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता?

ओझानामने या प्रश्नाला आणखी एक भाषण करून उत्तर दिले नाही. काही मित्र आणि एक वयाने मोठे संपादक यांना घेऊन त्याने २३ एप्रिल १८३३ रोजी पहिली बैठक घेतली. त्या दिवशी त्याला वीस वर्षे पूर्ण झाली होती. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे ही मुले गेली आणि घरोघरी कसे जायचे, कसे बोलायचे, ते त्यांच्याकडून शिकली. आज ही संस्था सुमारे दीडशे देशांत आहे.

आता स्वतःला विचारा. आपल्याला हाच प्रश्न रोज विचारला जातो आणि आपण काय उत्तर देतो? आपण इतिहास सांगतो. बैतुलमाल सांगतो. वक्फच्या पैशावर चालणारे जुने शफाखाने सांगतो. हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेत गस्त घालत असत आणि भुकेल्या मुलांच्या आईसाठी त्यांनी पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर वाहून नेले, ही रिवायत आपण किती अभिमानाने सांगतो! पण ती अर्धीच सांगतो. रिवायतीत पुढे असेही आहे की खलिफांनी पोते दारात टाकून पाठ फिरवली नाही. त्यांनी चूल फुंकली, अन्न शिजवले आणि मुलांची पोटे भरेपर्यंत ते थांबले. आपण पोत्यापर्यंतची सुन्नत उचलली आणि चूल फुंकण्याचे काम सोडून दिले. चाचांच्या दारामागच्या पिशवीत अळ्या झाल्या त्या यामुळे.

आपण काहीच करत नाही का?

करतो, खूप करतो. हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईत मुस्लिम तरुण गळ्याएवढ्या पाण्यात उतरले होते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले तेव्हा आमच्या कोकणातील गावोगावच्या जमातींनी जेवण, पाणी, कपडे पोहोचवले आणि घरे धुऊन दिली; कोणाचे घर कोणत्या धर्माचे हे पाहिले नाही. कोरोनाच्या काळात ज्यांना नातेवाईकही हात लावायला तयार नव्हते, त्या मृतदेहांचे अंत्यसंस्कार आपल्या मुलांनी केले. दफन केले तसे दहनही केले.

म्हणजे हिंमत आहे, पैसा आहे, मनही आहे. नाही ते सातत्य. महापूर आला की आपण उठतो; मंगळवार आला की उठत नाही. पण बहुतेक माणसांचे आयुष्य महापुरात बुडत नाही. ते एकेका मंगळवारी, एकेका न घेतलेल्या गोळीने, एकेका न भेटलेल्या माणसामुळे हळूहळू बुडते. त्या बुडण्याचा फोटो निघत नाही आणि म्हणून तिथे आपली कमिटीही पोहोचत नाही.

आक्षेप तीन, उत्तरे तीन

मी चर्चच्या गटाबरोबर जातो हे कळल्यावर मित्रांनी, नातेवाइकांनी बरेच काही ऐकवले. त्यातले तीन आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला: "ईमानचे काय?" मी मिस्साला जात नाही. बैठकीची सुरुवात त्यांच्या प्रार्थनेने होते, तेव्हा मी शांत बसतो. असरची वेळ झाली की सामान ठेवण्याच्या खोलीत चटई टाकून नमाज पढतो. ती चटई मी आणलेली नाही, त्यांनीच आणून ठेवली आहे. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचता यावे म्हणून भेटीची वेळ अलीकडे घेतली जाते. नबुव्वतच्या आधी मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचे पैसे बुडवले गेले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही टोळ्यांनी पीडिताच्या बाजूने उभे राहण्याची शपथ घेतली. तोच 'हिल्फुल फुजूल'. प्रेषित मुहम्मद (स.) त्यात सामील होते आणि आजही अशा करारासाठी बोलावले तर मी जाईन, असे त्यांनी नंतर, इस्लामच्या काळातही सांगितले. त्या करारातले बाकीचे कोण होते? नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला मस्जिदे नबवीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिल्याची नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. ज्यांच्या मस्जिदीत ख्रिस्ती पाहुण्यांना जागा होती, त्यांच्या उम्मतीला शेजाऱ्याच्या अंगणात जायची भीती का वाटावी?

दुसरा: "ते हे सगळे धर्मांतरासाठी करतात." इतक्या शनिवारांत मला कोणी पुस्तक दिले नाही, चाचांनाही नाही. मनातले अल्लाह जाणतो. मी पाहिलेले सांगतो. इतिहास मी विसरलेलो नाही. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या इन्क्विझिशनने काय केले ते वाचलेले आहे. पण पोर्तुगिजांच्या कृत्यांचा हिशेब वसईच्या वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्याकडे मागायचा का? मग औरंगजेबाचा हिशेब आपल्याकडे मागणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने उत्तर देणार? इथला ख्रिस्ती समाज मराठी आहे. त्याची मिस्सा मराठीत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला केवळ ते पाद्री आहेत म्हणून विरोध झाला होता. ज्या संशयाने आपल्याकडे पाहिले जाते, त्याच संशयाने त्यांच्याकडेही पाहिले जाते. तो संशय आपण उसना घेऊन त्यांच्यावर का फेकायचा?

तिसरा: "आधी आपल्या समाजाचे बघा." हा आक्षेप घेणाऱ्यांना मी चाचांचा पत्ता देत नाही, कारण गुप्तता पाळायची असते. एवढेच विचारतो: बघत होतात, तर चाचा तुम्हाला का दिसले नाहीत? जकात मुस्लिमांनाच द्यावी असे बहुसंख्य फुकहा म्हणतात, तेही मान्य. पण नफली सदका कोणालाही देता येतो आणि शेजाऱ्याच्या हक्कात धर्माची अट नाही. शिवाय मी आपल्या समाजाला सोडून गेलो नाही. काम शिकायला गेलो. जिथे शिकायला मिळते तिथे जायचे असते. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात आपण प्राध्यापकाचा धर्म विचारून बसलो होतो का?

चर्चवाले फरिश्ते आहेत असे मी म्हणत नाही. तिथेही वाद होतात. पाचशे रुपयांच्या औषधाच्या बिलासाठी पुढच्या बैठकीची वाट पाहायला लावली, तेव्हा मी चिडलो होतो. आमच्या गटातले बहुतेक सदस्य साठीच्या पुढचे आहेत. तरुण मुले परदेशात गेली किंवा वेळ नाही म्हणतात. जिने चढताना अंकल दोनदा थांबतात. म्हणजे त्यांनाही आपल्या हातापायांची गरज आहे. आपल्याकडे तरुण आहेत, रचना नाही. त्यांच्याकडे रचना आहे, तरुण नाहीत. शेजारी राहून दोघांनी आपापली उणीव कुरवाळत बसणे हा कुठला शहाणपणा?

अर्धी जमात घरात

एक गोष्ट आपल्याला आवडणार नाही, तरी लिहितो. घरभेटीला जाणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. एकट्या विधवेच्या घरी, बाळंतिणीकडे, अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे बाईच जाऊ शकते. आजीचे पाठीवरचे व्रण कोण बघणार, ट्रस्टी साहेब? आपल्या किती मस्जिदींच्या कमिटीत एकही स्त्री आहे? किती मस्जिदींत तिला बसायला जागा आहे? मदिनेच्या मस्जिदीजवळ हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींवर उपचार होत असत, हे आपण महिलांच्या सन्मानावर भाषण करताना सांगतो आणि भाषण संपले की मस्जिदीचे गेट त्यांच्यासाठी बंद करतो. बायकांना बाहेर ठेवून घराघरात पोहोचणारी खिदमत उभी राहूच शकत नाही.

करायचे काय?

मोठी इमारत नको, नवा ट्रस्ट नको, देणगीचे आवाहनही नको. एवढेच करा:

एक, मस्जिदीपासून दहा मिनिटांच्या अंतरात एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, कमावते कोणी नसलेले जे आहेत, त्यांची वही करा. त्यात हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती घरेही येऊ द्या.

दोन, दोघांच्या जोड्या पाडा, महिलांच्याही. प्रत्येक जोडीला दोन घरे आणि एक ठरलेला वार. जोडीतला एक आला नाही तर कोण जाणार, ते आधी ठरवा.

तीन, फोटो बंद. मदत घेणाऱ्याचा चेहरा, नाव, गल्ली, काहीही ग्रुपवर नको.

चार, किट वाटण्यापूर्वी विचारा की घरात शिजवणारे कोणी आहे का. नसेल तर पीठ देऊ नका, पोळी द्या.

पाच, वॉकर, व्हीलचेअर, पलंग, वाफेचे मशीन अशा वस्तू जमवून मस्जिदीच्या एका खोलीत ठेवा आणि मागेल त्याला द्या. आपल्या घरांच्या माळ्यांवर असे किती वॉकर धूळ खात पडले आहेत!

सूरह माऊन आपल्यातल्या जवळपास प्रत्येकाला पाठ आहे. छोटी आहे म्हणून नमाजमध्ये आपण ती वारंवार पढतो. तिच्यात नमाज पढणाऱ्यांनाच इशारा आहे. नमाज पढूनही जे दिखावा करतात आणि रोजच्या वापराची लहानसहान वस्तू शेजाऱ्याला द्यायला नाही म्हणतात, त्यांना तो इशारा आहे. मुफस्सिरांनी त्या वस्तूंची उदाहरणे दिली आहेत: भांडे, बादली, कुऱ्हाड. आजच्या काळात त्या यादीत वॉकर बसतो. मला तो वॉकर चर्चमध्ये मिळाला. मस्जिदीत मागायचे मला सुचलेही नव्हते.

आणि वेळ नाही म्हणणाऱ्या माझ्या आयटीतल्या भावाबहिणींसाठी एक हिशेब. जकात चाळिसावा भाग असते. आठवड्याचे तास १६८. त्याचा चाळिसावा भाग ४ तास १२ मिनिटे. हा फिकहचा मसला नाही, साधी आकडेमोड आहे. मी तर त्याचा निम्माही मागत नाही. दोन तास मागतो. तेवढा वेळ आपण एका इफ्तार पार्टीचे फोटो निवडण्यात घालवतो.

चाचांबद्दल शेवटचे. मी मोहल्ल्याच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिले की एका घरी आठवड्यातून एकदा जायला माणसे हवी आहेत. अकरा जणांनी बदामाचे चिन्ह टाकले. आले दोघे: एक रिक्षा चालवणारा भाऊ आणि बारावीत शिकणारा एक मुलगा. ते आता दर मंगळवारी जातात. भाऊच्या घरून चार पोळ्या आणि भाजी जाते. चर्चच्या वहीत त्या घरासमोर अंकलनी लिहिले आहे, "शेजारी बघतात." एका ओळीत एक काम त्यांच्या हातून आपल्या हातात आले. या जुम्म्याला नमाजनंतर तुमच्या ट्रस्टींना विचारा, आपल्या मस्जिदीची वही कुठे आहे? वही नाही म्हणाले, तर चिडू नका. दुकानातून एक कोरी वही विकत आणा आणि पहिल्या पानावर पहिल्या घराच्या आधी तुमचे स्वतःचे नाव आणि तुमचा वार लिहा.